बॉनेटखालचा रंग

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरात रंगाचा विषय निघतो. बाहेरच्या खोलीला पिवळा द्यावा की पांढरा, यावर चार दिवस खडाजंगी होते. आणि शेवटी मागच्या वर्षी उरलेला डबा उघडून, त्यात थोडे पाणी घालून, काम भागवले जाते. पण २०२४ सालच्या दिवाळीआधी आमच्याकडे जो वाद झाला, तो भिंतींच्या रंगाचा नव्हता. तो होता मोटारीच्या बॉनेटखालच्या रंगाचा. जो रंग येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही, पाहुण्यांनी ज्याची स्तुती करण्याचा संभव नाही, त्या रंगापायी मी सबंध भाद्रपद आणि निम्मा आश्विन घालवला!

शाळामास्तराच्या घरी मोटार कुठून आली, असे तुम्हांला वाटेल. ती आली अण्णांमुळे. आमचे अण्णा सोलापुरातल्या एका डॉक्टरांकडे पंचवीस वर्षे ड्रायव्हर होते. २००१ साली डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि जुनी प्रीमियर पद्मिनी अण्णांना अगदी नाममात्र किमतीत देऊन टाकली. गाडी १९७९ ची. रंग साईसारखा पांढरा. त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत बसून घरी आले, आणि सवयीने उतरून त्यांनी मागचे दार उघडून धरले. मागे कुणीच नव्हते! आई दारातच हसू लागली. पण पुढच्याच क्षणी ती आत गेली आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली, गाडीवरून ओवाळून टाकायला.

अण्णांना त्या गाडीचा दुहेरी अभिमान होता. ती त्यांची होती, आणि ती सोलापूरची होती. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आमच्या सोलापुरात झाला. आगगाडीच्या रुळांची कंत्राटे घेता घेता ते जहाजांपर्यंत आणि विमानांपर्यंत पोचले, आणि १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईला, कुर्ल्याला. वालचंद १९५३ साली गेले. इटलीची फियाट ११०० कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली ती त्यानंतर, आणि तिलाच पुढे १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीचे नाव मिळाले. म्हणजे पद्मिनी वालचंदांनी कधी पाहिलीच नाही. पण हे अण्णांना सांगून काय उपयोग? "आपल्या गावच्या माणसाची गाडी आहे," असे ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत. दोन हजार सालच्या सुमारास ती गाडी निघायची बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही गेल्या. ती बातमी वाचायला अण्णा नव्हते. ते २०१९ च्या जानेवारीत गेले होते.

अण्णा गेल्यावर गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. 'उभी केली' असे मी म्हणत नाही. उभी करायला निदान काही हेतू लागतो. पहिले काही महिने मी रविवारी तिला सुरू करीत असे. मग परीक्षेचे पेपर आले, मग कादंबरीचे काम आले, मग साथीचे दिवस आले. पुढे बॅटरी उतरली, आणि मग मी शेडकडे जाण्याचेच टाळू लागलो. एखाद्याच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले म्हणजे आपण त्याच्या गल्लीतून जाणे टाळतो ना, तसे काहीसे ते होते.

त्या वर्षी गौरी-गणपतीला दादा पुण्याहून आला. आरती झाल्यावर तो सहज म्हणून शेडमध्ये गेला, आणि त्याने बॉनेट उघडले. मी मागे उभा होतो. शेडच्या पत्र्याला भोक पडले होते आणि पाच-सहा पावसाळ्यांचे पाणी बरोबर त्या भोकातून बॉनेटवर ठिबकत होते. आत तेल आणि धूळ यांचे काळे किटण साचले होते. बॅटरीखालचा पत्रा विटकरी झाला होता. कोपऱ्याकोपऱ्यांतून रंगाला फुगे आले होते. उंदरांनी एक वायर कुरतडून ठेवली होती.

दादा काही बोलला नाही. त्याने बॉनेट हळूच लावले आणि हात धुतले. रात्री जेवताना मात्र म्हणाला, "विकायची असेल तर विकून टाक. ठेवायची असेल तर नीट ठेव. पैसे मी देतो. पण अशी ठेवू नकोस."

आईने मान खाली घालून ताटातली भाकरी मोडली. मला तो घास काही केल्या गिळेना.

दुसऱ्या दिवसापासून मी रंगाच्या मागे लागलो. खरे सांगायचे तर मला घाई झाली होती. ते विटकरी डाग लवकरात लवकर कशाखाली तरी गेले पाहिजेत, एवढेच मला कळत होते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दादाचे म्हणणे, सिरॅमिकचा लेप द्यावा. पुण्यात आता सगळे तोच देतात. काचेसारखा कठीण, चकचकीत, पाणी टिकत नाही, धूळ बसत नाही. हार्डवेअरच्या दुकानदाराने एक जाड काळा डांबरी लेप पुढे केला. "गाडीच्या पोटाला हाच मारतात, मास्तर. पोटाला चालतो तर छातीला का नाही?" शाळेतले आमचे चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, "साधा सिंथेटिक इनॅमल घ्या, काळा. काळ्यावर काही दिसत नाही." एका सद्गृहस्थाने एक फवाऱ्याची बाटली आणून दिली. ती मारली, की रबरी नळ्यासुद्धा नव्यासारख्या चमकतात! प्रयोगादाखल मी थोडी मारून पाहिली. नळ्या चमकल्या खऱ्या, पण सोलापूरच्या धुळीने आठ दिवसांत त्या चमकेवर आपली सही केली. आणि तीच बाटली पंख्याच्या पट्ट्यावर उडाली असती तर पट्टा घसरू लागला असता, हे मला मागाहून कळले.

काळ्या रंगाचा सल्ला मला मनातून पटला होता. काळ्यावर काही दिसत नाही, हीच तर माझी मागणी होती.

मी तीन डबे घेऊन मिस्त्रीकडे गेलो. हा मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. शाळेत एका वर्षी विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले, आणि माझे स्वतःचे रसायनशास्त्र दहावीपाशी संपलेले असूनही त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. त्या वर्षी हा सातवीत होता. 'लोखंड का गंजते?' या प्रश्नाच्या उत्तराची जागा त्याने पेपरात कोरी सोडली होती, हे माझ्या चांगले लक्षात होते.

त्याने डबे पाहिले, बाजूला ठेवले, आणि म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं की! तीन नळ्या, तीन खिळे."

"तुझा पेपर कोरा होता," मी म्हणालो.

"पेपर कोरा होता सर, डोकं नव्हतं."

आणि ऑइलने माखलेल्या हातांनी त्याने मला माझाच धडा पुन्हा शिकवला. पहिल्या नळीत साधे पाणी आणि खिळा, तो गंजतो. तिसऱ्या नळीत पाणी नाही, ओल शोषून घेणारे क्षार. खिळा गंजत नाही. मधल्या नळीत उकळलेले पाणी, आणि वर तेलाचा थर; तिथेही खिळा गंजत नाही, कारण उकळल्याने पाण्यातली हवा निघून गेलेली असते आणि तेल नवी हवा आत येऊ देत नाही. म्हणजे गंजाला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. एकाची वाट अडवली की काम झाले.

"मग मी तरी काय करतो आहे?" मी म्हणालो. "हे डबे म्हणजे ती तेलाची नळीच."

"पण सर, पाणी उकळलेलं होतं की! साध्या पाण्यावर तेल ओतलं असतं, तर आतली हवा आतच राहिली असती. खिळा तेलाखाली गंजला असता. वरून दिसायला मात्र झाक नळी."

मी गप्प बसलो. इतकी वर्षे तो धडा मी शिकवला, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले. पण पाणी आधी का उकळायचे, याचा अर्थ मला मिस्त्रीच्या गॅरेजात, एका फुटक्या स्टुलावर बसून कळला.

मग त्याने एकेका डब्याचा निकाल लावला. सिरॅमिक चांगले, पण ते चांगल्या रंगावर बसते. खालच्या गंजाला ते औषध नाही. डांबरी लेप इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडतो, आणि एकदा त्याला चीर गेली, की आत शिरलेले पाणी बाहेर येत नाही. पत्रा आतल्या आत कुजतो आणि बोट घातले की भोक पडते. साधा इनॅमल आतल्या भिंतींना उत्तम. पण जिथून जळका वायू बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डला तो लावला, तर पहिल्याच फेरीत धूर होऊन उडून जाईल. तिथे उष्णता सोसणारा चंदेरी रंगच लागतो, आणि तोसुद्धा इंजिन थोडे थोडे तापवून पक्का करावा लागतो. ब्रेकच्या तेलाच्या डबीपाशी जपायचे, कारण ते तेल सांडले की रंग सोलून निघतो. बॅटरीखाली तेजाब झिरपते, तिथे आधी खाण्याचा सोडा टाकून धुवायचे. "आणि एक सांगू सर? सोलापूरची हवा कोरडी. मुंबईसारखी खारी नाही. आपल्याकडं गाडी हवेनं गंजत नाही. उभी राहून गंजते."

हे शेवटचे वाक्य त्याने काही मला उद्देशून म्हटले नव्हते. तो पाना शोधत होता.

घरी येऊन मी हे सारे आईला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मला वाटले होते, तिला यात काय कळणार! ती म्हणाली, "एवढं कळायला गॅरेजात कशाला गेलास? कल्हईवाला विसरलास?"

मी विसरलो नव्हतो. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी कल्हईवाला गल्लीत यायचा. पितळी पातेली ताक-आमटीने कळकू नयेत म्हणून त्यांना आतून कथलाचा मुलामा द्यायचा. पण तो द्यायच्या आधी केवढा खटाटोप! त्याचा पोरगा पातेल्यात वाळू टाकून आत उभा राहायचा आणि कमरेतून गिरक्या घेत पायांनी भांडे घासायचा; आम्हांला तो नाचच वाटायचा. मग भात्याने भट्टी फुलवायची, भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, पांढरा धूर व्हायचा, आणि मग कुठे कथलाची कांडी फिरायची.

"घासल्याशिवाय कल्हई धरत नाही," आई म्हणाली. "तू आपला नुसती कांडी घेऊन फिरतोयस."

अशा रीतीने सातवी नापास मिस्त्री आणि चौथी पास आई यांनी मिळून माझी शिकवणी पुरी केली, आणि पितृपक्ष संपता संपता घासण्याचे काम सुरू झाले.

बॅटरी काढली. डिस्ट्रिब्युटरला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. डिझेलने किटण मऊ केले, मग साबणाच्या पाण्याने ते डिझेल धुऊन काढले, कारण तेलकट अंगावर रंग बसत नाही. माझी मुलगी जुना दात घासायचा ब्रश घेऊन फटी साफ करीत होती. एकदम ती म्हणाली, "बाबा, इथं काहीतरी लिहिलंय."

इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्यावर, काळ्या थराखालून, पांढऱ्या रंगात काढलेली अक्षरे वर येत होती. पहिल्या ओळीत मोठे आकडे होते: १-३-४-२.

मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. ते चार आकडे आमच्या घरचा पाढा होता. इंजिनाच्या चार सिलिंडरांत ठिणगी कुठल्या क्रमाने पडते, त्याचे ते आकडे. वायरी काढल्या की उलटसुलट लागू नयेत म्हणून अण्णा ते पाठ करीत, आणि आमच्याकडूनही म्हणवून घेत. "एकानंतर दोन का नाही?" असे मी विचारले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "सगळे ओळीनं ओरडले तर गाडी थरथरते. एकानं इकडं, एकानं तिकडं." वर्गात प्रश्न विचारताना मी आजही पहिल्या बाकानंतर दुसऱ्या बाकाकडे वळत नाही.

त्या आकड्यांखाली दोन उभ्या रांगा होत्या. 'तल २६-१०-०१.' 'तल १४-१-०२.' दरवर्षी दोनदा, दसऱ्याला आणि गड्ड्याच्या यात्रेला, अण्णा इंजिनाचे तेल बदलत आणि तारीख लिहून ठेवत. दोन इयत्ता शिकलेल्या माणसाने 'तेल' शब्दाची मात्रा सतरा वर्षे विसरली होती. पण तारीख एकही विसरली नव्हती. आम्ही मोजल्या: पस्तीस. शेवटची होती १८-१०-१८, दसऱ्याची. त्याखाली पत्रा कोरा होता.

तो कोरा पत्रा माझा होता. विद्यार्थ्याने उत्तराची जागा कोरी सोडली, म्हणून मी त्याला शून्य दिले होते.

आणि नेमके तिथेच संकट होते. पहिली रांग घट्ट, निरोगी रंगावर होती. दुसऱ्या रांगेखाली मात्र फुगे आले होते. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले तशी खपली उडाली, आणि एका तारखेचे साल गेले.

"थांब," मी ओरडलो. "हे घासायचं नाही. यावर पारदर्शक लॅकर मारू. अक्षरं दिसली पाहिजेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, न उकळलेलं पाणी."

दोन दिवस काम थांबले. मी आईला विचारले. ती शेडमध्ये आली, चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली, पदराच्या टोकाने तिने ती शेवटची तारीख पुसली. मग म्हणाली, "त्यांना काय आवडलं असतं? त्यांचं अक्षर राहावं हे, की गाडी?" उत्तर ठाऊक असलेला प्रश्न आई फक्त एकदाच विचारते.

मुलीने पत्र्यावर ट्रेसिंग पेपर लावून पस्तीसच्या पस्तीस तारखा उतरवून घेतल्या, मात्रा न देता. आणि मग मिस्त्रीने तारेचा ब्रश हातात घेतला. दुसरी रांग निघून गेली. खाली खरोखरच पत्रा खाल्ला गेला होता. आणखी दोन पावसाळ्यांत तिथे आरपार भोक पडले असते, आणि तारखाही त्या भोकातूनच गेल्या असत्या.

पुढचे काम सरळ होते. खरवडूनही खड्ड्यांत जो गंज राहतो, त्यावर फॉस्फॉरिक आम्लाचे द्रावण लावले. त्याने गंजाचे लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होते आणि पत्रा काळसर होतो. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा आहे, त्याचेही रहस्य काहीसे असेच. जुन्या लोहारांच्या लोखंडात फॉस्फरस पुष्कळ होता, आणि त्यापासून स्तंभाच्या अंगावर फॉस्फेटचा पातळ थर तयार झाला, असे कानपूरच्या आय.आय.टी.चे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले आहे. त्यानंतर रेड ऑक्साइडचा हात. मौज अशी, की त्या तांबड्या प्रायमरमधला रंग म्हणजे लोखंडाचे ऑक्साइडच, गंजाचा सख्खा भाऊ! एक भाऊ घर पोखरतो, दुसरा राखतो. फरक इतकाच, की हा आधीच ऑक्सिजन पिऊन शांत झालेला असतो, आणि तेलात कालवून घट्ट बसवलेला असतो.

शेवटचा रंग काळा घेतला नाही. साईसारखा पांढराच इनॅमल घेतला. पांढऱ्यावर तेलाचा थेंब गळला तरी दिसतो, गंजाचा पहिला ठिपका दिसतो. जिथे दिसायला हवे तिथे काळा रंग कशाला? मॅनिफोल्डला चंदेरी, बिजागऱ्यांना ग्रीस. आणि १-३-४-२ आणि खालची पहिली रांग यांच्यावर तेवढा पारदर्शक लॅकरचा एक हात, कारण खालचा पत्रा निरोगी होता. दादाने सिरॅमिकसाठी दिलेल्या पैशांतून शेडचे छप्पर बदलले. लेपांमधला सर्वांत चांगला लेप तोच ठरला.

१२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने इंजिनाचे तेल बदलले. निम्मे पायावर सांडले. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पाचव्या खेपेला गाडी सुरू झाली. दिवाळीच्या पाडव्याला आईला घेऊन आम्ही तुळजापूरला गेलो, पंचेचाळीस किलोमीटर. दादा चालवत होता. देवळापाशी पोचल्यावर तो उतरला आणि त्याने मागचे दार उघडून धरले. आई थाटात उतरली.

दसऱ्याच्या संध्याकाळचे सांगायचे राहिले. पूजा झाल्यावर मी बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि माझ्या लक्षात आले, की पांढऱ्यावर पांढरे दिसणार नाही! मुलीने रांगोळीच्या डब्याशेजारची निळ्या रंगाची डबी आणून दिली. तिने पणत्या रंगवायला आणली होती. जिथे दुसरी रांग होती, तिथे वरून सुरुवात करून मी लिहिले: 'तेल १२-१०-२४.' मात्रा दिली. मास्तराचा हात आहे, दुसरे काय होणार? पण मात्रा देताना तो क्षणभर थांबला, एवढे मात्र खरे.

आता त्याखाली पुढच्या तारखा पडू लागल्या आहेत.